राजावर ओरडणाऱ्या बाई

मुलांनो, आजोबांनी फॅमिली ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ तुम्ही पाहिलात, हे मला तुमच्या आईच्या फोनवरून कळलं. "आई, तुझी तब्येत बरी आहे ना?" हा तिचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न तुमचा होता म्हणे: आजी कोणावर ओरडते आहे, आणि तो मुकुटवाला माणूस तिचं ऐकतो कसा?

प्रश्न रास्त आहे. जी आजी तुम्हाला टीव्हीचा रिमोट रिमोटच्याच खोक्यात ठेवायला लावते, जिच्या स्वयंपाकघरात जिऱ्याच्या डब्यावर 'क्युमिन' अशी चिठ्ठी असते आणि सगळे डबे ए-टू-झेड उभे असतात, तीच आजी लंडनच्या ईलिंग भागातल्या एका भरल्या हॉलमध्ये पदर खोचून ओरडते, हे पाहून कोणीही घाबरेल. मी स्वतः तो व्हिडिओ एकदाच पाहिला, तोही आवाज बंद करून. तुम्हाला नीट उत्तर द्यायचं तर आधी बाईंबद्दल सांगायला हवं.

बाईंचं नाव मी लिहीत नाही. त्यांना स्वतःच्या नावाचं काही पडलेलं नव्हतं. त्या एका नावासाठी भांडल्या खऱ्या, पण ते त्यांच्या आजीचं.

आमच्या रस्त्याच्या टोकाला, केमिस्टच्या दुकानावरच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या राहायच्या. मी तेव्हा इथल्या मराठी मंडळाची सेक्रेटरी होते. सेक्रेटरी कशी झाले? सभेत सगळ्यांनी खाली माना घातल्या आणि पेन घेऊन आलेली मी एकटीच होते. तर गणपतीच्या कार्यक्रमाचं आमंत्रण द्यायला मी त्यांच्या दाराशी गेले, आणि आतून आवाज आला:

"पाय झाका आधी! रुसा म्हणते ना! झोपू नका, रुसा! आणि कावळ्याकडे बघायचं नाही! कोणीही बघायचं नाही कावळ्याकडे!"

बेलपर्यंत गेलेलं बोट मी मागे घेतलं आणि जिन्यावरून चवड्यांवर खाली आले.

"बाईंच्या घरात कुणीतरी आहे," मी घरी येऊन तुमच्या आजोबांना सांगितलं. "आणि फार वाईट चाललंय."

"कोण कोणाला छळतंय?"

"ते कळलं नाही. पण त्यात एक कावळा आहे."

"मग बेल का नाही वाजवलीस?"

"असं मध्येच जाणं बरं दिसत नाही."

मी इंग्रजी शाळेत शिकले. तिथे आम्हाला संकटात काय करायचं ते शिकवलं होतं: योग्य त्या खात्याला कळवायचं. त्याप्रमाणे मी लायब्ररीतून कौन्सिलचं एक पत्रक आणलं, घरातल्या वृद्धांना कोणी त्रास देत असेल तर मदत कुठे मिळेल असं, आणि ते बाईंच्या लेटरबॉक्समधून गुपचूप आत सरकवलं. मग मी हात धुतले आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात वरण फोडणीला टाकलं.

दुसऱ्या दिवशी बाई आमच्या दारात उभ्या. नारायणपेठी साडी, वर पुरुषाचा घोट्यापर्यंतचा काळा ओव्हरकोट, पायात लाल ट्रेनर्स बूट, आणि हातात माझं पत्रक.

"हे तुम्ही टाकलंत?"

"मी... म्हणजे, कौन्सिलचं आहे ते."

"यात लिहिलंय, घरात कोणाची भीती वाटते का. मला नाही वाटत. तुम्हाला वाटते का?"

"कोणाची?"

"माझी."

वाटत होती. मी म्हटलं, "छे! चहा घेता ना?"

"घेते. पण तुम्ही कप ठेवताना बशीकडे बघता. बघू नका. बशी कुठे आहे ते हाताला माहीत असतं. परत करा."

आणि मुलांनो, मी परत केलं. स्वतःच्या घरात, स्वतःचा कप, दारातल्या बाईंच्या सांगण्यावरून उचलला आणि पुन्हा बशीत ठेवला. चहा सांडला. "आता बरं दिसलं," बाई म्हणाल्या आणि आत येऊन बसल्या.

त्या चहावर मला त्यांच्या आजीची गोष्ट कळली. आजीचं नाव यमुनाक्का. मिरजेच्या बाजूचं गाव. सिनेमाला आवाज नव्हता त्या काळात या यमुनाक्कांनी एक सिनेमा केला. कैकेयीचा. कैकेयी म्हणजे रामाची सावत्र आई, जिनं हट्ट धरून रामाला वनवासात धाडलं. ती गोष्ट मी तुम्हाला स्काइपवर सांगितली होती आणि तुम्ही मध्येच क्रिकेट खेळायला निघून गेला होतात. घराच्या अंगणात रंगवलेल्या कापडाचा राजवाडा उभा केला. ऊन मऊ पडावं म्हणून वर पांढरी धोतरं ताणली. यमुनाक्कांचा दीर कॅमेऱ्याचं हँडल फिरवायचा. वहिनीकडे नजर वर करून बघायचं नाही म्हणून तो हँडलकडे बघत फिरवायचा. यमुनाक्कांचा नवरा दशरथ झाला होता. आणि कैकेयी झाले होते गावातल्या शाळेचे ड्रॉइंग मास्तर, कारण कॅमेऱ्यासमोर उभी राहायला गावातली एकही बाई तयार नव्हती.

"आणि डायरेक्टर?" मी विचारलं.

"आजी. कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला, जमिनीवर. चुलीपुढे बसावं तशी मांडी घालून बसायची आणि ओरडायची."

त्या सिनेमात आवाज रेकॉर्डच होत नसे. त्यामुळे हँडल फिरत असताना डायरेक्टर मनसोक्त ओरडू शकत असे. बाईंची आई तेव्हा लहान होती, यमुनाक्कांच्या मांडीला मांडी लावून बसायची. इतर मुली श्लोक पाठ करतात तसं या मुलीनं आईचं ओरडणं पाठ केलं, आणि पुढे आपल्या लेकीला, म्हणजे बाईंना, शिकवलं. बाई रोज सकाळी चहाचं आधण ठेवताना ते पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणायच्या, विसरू नये म्हणून. मी दाराशी ऐकलं ते हेच. कावळा खरंच आला होता म्हणे, शूटिंग चालू असताना, आणि सिंहासनाच्या पाठीवर बसला होता.

बाईंनी आयुष्यभर कौन्सिलच्या लायब्ररीत नोकरी केली. शांत राहा अशी पाटी जिथे लावलेली असते, तिथे. त्यांच्या काळात वाचक पुस्तक घ्यायला कमी आणि त्यांचं ऐकायला जास्त यायचे असं लोक सांगतात. "तुम्ही पुस्तक असं का धरलंय, कुणी ओढून नेतंय का?" हे त्यांनी एका जजला सुनावलं होतं. टीव्ही त्या आवाज बंद करून बघायच्या आणि बातम्या देणाऱ्याला सूचना द्यायच्या. मंडळातल्या एका लग्नात अंतरपाट धरलेला असताना भटजींना म्हणाल्या, "तुम्ही नवरीच्या उजेडात उभे आहात, सरका." भटजी सरकले. तेव्हा मला भयंकर संकोच वाटला होता. पण लग्नाच्या अल्बममध्ये बघण्यासारखा तेवढा एकच फोटो आहे.

सबंध सिनेमातलं आता एकच रीळ उरलं होतं. ते बाईंकडे होतं. आईनं इंग्लंडला निघताना ते त्यांच्या ट्रंकेत घातलं होतं. आणि बाईंनी ते कुठे ठेवावं? फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात, कोथिंबिरीच्या जुडीखाली. जुनी फिल्म उष्णतेनं पेटते एवढं त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांच्या घरात दिवाळीला पणतीसुद्धा लावायची बंदी होती. पुढे जुने सिनेमे जपणाऱ्या एका मोठ्या फिल्म अर्काइव्हला या रिळाचा पत्ता लागला. ते लोक हातमोजे आणि धातूचा डबा घेऊन आले, आणि फ्रिज उघडल्यावर त्यांच्यातला एक जण मटकन खुर्चीत बसला. त्यांनी रीळ नेलं, साफ केलं, आणि त्याची कॉपी एका पेनड्राइव्हवर घालून बाईंना दिली. बाईंनी पेनड्राइव्हही भाजीच्या कप्प्यात ठेवला.

आता भांडणाचं मूळ सांगते. अर्काइव्ह एक प्रदर्शन भरवणार होतं, जगभरच्या जुन्या मूकपटांचं. त्यात हे रीळ सतत चालू राहणार आणि शेजारी एक कार्ड लागणार. कार्डाचा मजकूर त्यांनी बाईंना आधी दाखवला. त्यावर 'दिग्दर्शक' म्हणून यमुनाक्कांच्या नवऱ्याचं नाव होतं. त्या काळच्या जाहिरातीत तेच नाव होतं. बाईमाणसाचं नाव घातलं असतं तर कोणी थिएटर दिलं नसतं. यमुनाक्कांचं नाव कार्डावर कुठेच नव्हतं. 'साहाय्य' म्हणूनही नाही.

बाईंनी फोन केले, ईमेल केले. शेवटी अर्काइव्हनं एक मुलगी पाठवली. मराठीच, पण जन्म कॉव्हेंट्रीचा, आजीआजोबा सोलापूरचे. माझ्या डायनिंग टेबलाशी बसून ती अगदी मनापासून म्हणाली, "काकू, मी तुमच्या साइडला आहे. पण माझी बॉस एव्हिडन्स मागतो. मागते. सॉरी."

"मला सगळं पाठ आहे. हा घे एव्हिडन्स," बाई म्हणाल्या.

"हो, पण ते म्हणतील की तुमचा आजी... तुमच्या आजीने फिल्म नंतर बघितलं आणि डायलॉग बनवलं. किंवा तुमच्या आईने. फॅमिली स्टोरी असते ना, तसं."

बाई खुर्चीतून उठल्या, कोट घातला, पुन्हा काढला आणि बसल्या. त्या पोरीचं म्हणणं बरोबर होतं, हेच त्यांना लागलं होतं.

मीच मग सुचवलं, की मंडळातर्फे हे रीळ हॉलमध्ये दाखवू, बाई शेजारी उभ्या राहून ओरडतील, आणि या मुलीनं येऊन बघावं. निदान तिची तरी खात्री पटेल. ती लगेच हो म्हणाली. प्रदर्शन जवळ आलं होतं, कार्ड छापायला जाणार होतं, म्हणजे हा एकच कार्यक्रम हाती होता.

मी आनंदानं कार्यक्रमपत्रिका केली. स्वागत, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पार्श्वभूमीला मंद हार्मोनियम. बाईंनी ती वाचली.

"दीप नको. सवय नाही मला."

"बरं, दीप नको."

"प्रास्ताविक कोण करणार?"

"मी. थोडक्यात."

"तुमचं थोडक्यात मी गणपतीत ऐकलंय. नको. आणि हार्मोनियम कशाला?"

"वातावरणनिर्मिती..."

"सेक्रेटरीबाई, अंगणात हार्मोनियम नव्हती. आजी होती."

माझ्या पत्रिकेत शेवटी 'आभार' तेवढे उरले.

आणि कार्यक्रम तोंडावर आला असताना बाईंचा आवाज गेला. आधी घोगरा झाला, मग फाटला, मग नुसती हवा यायला लागली. डॉक्टरांनी घशात काहीतरी गाठ आहे म्हणून सांगितलं. ऑपरेशन ठरलं. तोपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही, आणि नंतर आवाज परत येईल याची खात्री नाही. बाई माझ्याकडे आल्या, माझ्या फ्रिजवरच्या पांढऱ्या बोर्डावरची माझी सामानाची यादी पुसली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: "तुम्ही ओरडा."

मी म्हटलं, मला जमणार नाही. मी आयुष्यात कोणावर ओरडलेले नाही. माझा आवाज सभेची मिनिट्स वाचायचा आहे.

त्यांनी खाली लिहिलं: "माहीत आहे." आणि त्याखाली: "दुसरं कोण आहे?"

दुसरं कोणीच नव्हतं. त्यांना मूलबाळ नाही, बहीणभाऊ नाहीत. ते ओरडणं त्यांच्या घशाबरोबर जाणार होतं, आणि कार्डावर दुसरंच नाव कायमचं छापलं जाणार होतं. मी हो म्हटलं, आणि लगेच बाईंनी लिहून दिलेल्या प्रत्येक ओरडण्याचं एकेक कार्ड टाइप करून, लॅमिनेट करून, कोपऱ्यात भोक पाडून रिंगमध्ये ओवलं. बाईंनी ती रिंग आपल्या खिडकीतून खाली केमिस्टच्या छपरावर फेकली. मग वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं: "मुलांना कागद बघून रागवायचात?"

"मी मुलांना रागावलेच नाही. मी त्यांना समजावून सांगायची."

बाईंनी लिहिलं: "म्हणूनच ऑस्ट्रेलियाला गेली."

तुमच्या आईला हे सांगू नका. किंवा सांगा, ती हसेल.

तालीम आम्ही पार्कमध्ये करायचो, कारण घरात ओरडले तर शेजारी भिंत ठोकायचे. बाई बाकावर, मी समोर. मी "बसा!" म्हणायचे आणि बाई मान हलवायच्या: नाही. पुन्हा. "बसा!" नाही. असं चालू असताना एकदा माझा आवाज कसा कोण जाणे पोटातून निघाला, आणि रस्त्यानं जाणारं एक मोठं सोनेरी कुत्रं माझ्याकडे बघून झटकन खाली बसलं. त्याची मालकीण थक्क झाली. "तो माझं कधीच ऐकत नाही," ती म्हणाली. बाईंनी पहिल्यांदा टाळी वाजवली. माझ्यासाठी नाही, कुत्र्यासाठी.

एक गोष्ट मात्र तालमीत अडायची. दशरथासाठी यमुनाक्का 'राजे' म्हणत नसत, 'महाराज' म्हणत नसत. तो त्यांचा नवरा. त्या काळी बायको नवऱ्याचं नाव घेत नसे, आणि डायरेक्टर झाली म्हणून काही ते सुटत नव्हतं. मग त्या नुसतं "अहो!" म्हणायच्या. तेवढंच. ते "अहो" मला जमेना. मी ते विनंतीसारखं म्हणायची. बाई हवेत बोट नाचवून सांगायच्या: खाली दाबा, खाली. शेवटी त्यांनी फोनवर टाइप केलं: "गॅस चालू ठेवून बाहेर गेलेत असं समजा." तरीही नीट जमलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला. आजोबा मागे लॅपटॉपपाशी होते. अर्काइव्हची मुलगी मधल्या रांगेत, मंडळातल्या काकालोकांच्या घोळक्यात अडकून बसलेली. बाई पहिल्या रांगेत, गळ्याभोवती मफलर. मी पडद्याशेजारी उभी राहिले, आणि माझ्या लक्षात आलं की मी "नमस्कार, सर्वप्रथम" असं म्हणायला तोंड उघडलं आहे. बाईंनी मफलरमधून माझ्याकडे असं बघितलं की मी ते गिळलं.

पडदा उजळला. कापडाचा राजवाडा वाऱ्यानं हलत होता. कोपभवनात ड्रॉइंग मास्तर जमिनीवर रुसून पडले होते आणि लुगड्यातून त्यांची केसाळ पोटरी दिसत होती.

"मास्तर, पाय झाका!" मी म्हटलं. म्हटलं, ओरडले नाही. पडद्यावर कैकेयीनं पाय आत ओढला. हॉलमध्ये खसखस पिकली.

"रुसा, मास्तर! झोपू नका, रुसा!" कैकेयीनं दचकून डोळे उघडले. लोक हसायला लागले, आणि मुलांनो, लोक हसले की माणसाला काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. मी पदर खोचला. हे व्हिडिओत आहे.

कावळा आला. "कावळ्याकडे बघायचं नाही!" पडद्यावर सगळा राजवाडा, द्वारपालासकट, कावळ्याकडे वळून बघू लागला. हॉलमध्ये हशा थांबेना. मी मुलीकडे पाहिलं. तीही हसत होती, पण पेन हातात तसंच होतं. तिच्या तोंडावर ते लिहिलेलं दिसत होतं: छान आहे, पण डायलॉग नंतर जोडता येतात.

मग दशरथ आत आला. भला मोठा माणूस, पिळदार मिशा, डोक्यावर मुकुट तिरका. मधोमध उभा राहिला आणि पुढे काय करायचं ते विसरला. साफ दिसत होतं विसरला ते. आता माझी पाळी. मी बाईंकडे पाहिलं. त्या पुढे सरकून खुर्चीच्या कडेवर आल्या होत्या, ओठ हलत होते, आवाज नव्हता. ती पोरगी पानावर काहीतरी लिहून पेनला टोपण लावत होती. मला एकदम इतका राग आला, कोणाचा ते मला आजही सांगता यायचं नाही, आणि मी ओरडले.

"अहो!"

पडद्यावर राजा दशरथानं झटकन मान वळवली. कॅमेऱ्याकडे नाही, डावीकडे, खाली. भुवया वर, तोंड अर्धवट उघडं, 'आता मी काय केलं?' असा चेहरा. आणि त्याच क्षणी, मुलांनो, सगळ्या हॉलमधल्या पुरुषांच्या माना वळल्या. सगळ्यांच्या. गप्पा मारणाऱ्यांच्या, डुलक्या काढणाऱ्यांच्या, मोबाइल बघणाऱ्यांच्या. त्याच भुवया, तेच अर्धं तोंड. मागून तुमचे आजोबा उभे राहून म्हणाले, "हो, काय झालं?"

"मुकुट सरळ करा!" मी ओरडले. पडद्यावर राजानं दोन्ही हातांनी मुकुट सरळ केला. हॉलमध्ये एका काकांनी आपली टोपी सरळ केली.

अर्काइव्हच्या मुलीनं पेन खाली ठेवलं होतं. ती आधी पडद्याकडे बघत होती, मग आजूबाजूच्या काकांकडे, मग परत पडद्याकडे.

कार्यक्रम संपल्यावर ती धावत पुढे आली. "काकू, इट्स नॉट द वर्ड्स! वर्ड्स कोणी पण बनवेल. पण तो चेहरा! माझे बाबा असंच करतात. डिट्टो!" मग तिनं आजोबांकडून तेवढाच तुकडा पुन्हा मागून घेतला, पुन्हा पाहिला, थांबवून पाहिला. "आणि हे बघा. मास्तर तिकडेच बघतात. तो दरवाजावाला माणूस पण तिकडेच. सगळे लेफ्टला, खाली. आणि हे राजा पण. जर राजा डायरेक्टर आहे, तर राजा कोणाला विचारते?"

बाईंनी मफलर बाजूला केला. डॉक्टरांची बंदी मोडून त्या मोठ्या कष्टानं म्हणाल्या, "हे तुझ्या बॉसला विचार." मग माझ्याकडे वळल्या. "'अहो' जरा लवकर आलं."

तिनं बॉसला विचारलं. बॉसनं आणखी दोघांना दाखवलं. काही दिवस काहीच कळलं नाही आणि मी रोज बाईंच्या ईमेलमध्ये डोकावत होते, कारण त्या हॉस्पिटलमध्ये होत्या. ऑपरेशन झालं. गाठ निघाली, आवाज मात्र परत आला नाही. कुजबुजण्याएवढाच राहिला. मी त्यांच्या कॉटशेजारी बसलेली असताना त्या मुलीचा मेल आला. मी वाचून दाखवला. कार्ड बदलणार होते. दिग्दर्शन: यमुनाक्का, पूर्ण नावानिशी. नवऱ्याचं नाव काढून टाकत आहोत, असंही लिहिलं होतं.

बाईंनी डोळे मिटले. मग त्यांनी मला बोटानं जवळ बोलावलं आणि कानात म्हणाल्या, "काढू नका म्हणावं. दशरथाचं काम त्यांनी केलंय ना? मग दशरथ म्हणून लिहा." आणि वर, "सांगितलं ते सगळं ऐकायचे ते. असा नट मिळत नाही."

मी लगेच उत्तर टाइप केलं. सवयीनं खाली 'आपली नम्र' असं लिहिलं, आणि बाईंनी माझ्या हातून फोन घेऊन 'नम्र' तेवढं पुसलं.

बाई प्रदर्शनापर्यंत राहिल्या नाहीत. त्याबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही. लिहायला बसले तर ओळी सरळ येत नाहीत, आणि तुम्हाला माहीत आहे मला ते चालत नाही.

गेल्या आठवड्यात आजोबा आणि मी प्रदर्शन बघायला गेलो. अंधाऱ्या खोलीत भिंतीवर एक छोटा पडदा होता आणि त्यावर कापडाचा राजवाडा हलत होता. शेजारी कार्ड. वर यमुनाक्का, खाली दशरथाच्या भूमिकेत त्यांचे पती, आणि त्याखाली कैकेयी म्हणून मास्तर. मुलीनं शोधून तेही नाव घातलं होतं. खोलीत अगदी शांत होतं. आमच्याशेजारी एक इंग्रज म्हातारं जोडपं उभं होतं. राजा आत आला, विसरला, आणि त्यानं मान वळवली. म्हातारा हसला. त्याची बायको माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "तो कोणाकडे बघतोय, माहीत आहे का तुम्हाला?"

'बायकोकडे' असं मी सांगणार होते. अगदी ओठांवर आलं होतं.

"डायरेक्टरकडे," मी म्हटलं.